चाप, नळी, घोडा

दुकानात आधी वास येतो, मग इनोकेंती दिसतो.
तेल, ओली लोकर, कालची कॉफी.
कोडिअ‍ॅकमध्ये मे महिन्यात याला हवा म्हणतात.
त्यानं काउंटरवर हिरवं फडकं अंथरलं
आणि चार रिव्हॉल्व्हरं मांडली,
प्रत्येकाची चक्री आधी उघडून, रिकामी दाखवून.
"तूही बघ, फेक्ला. मी सांगितलं म्हणून मानू नकोस."

जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी नदीत उभी असते,
आडव्या जाळीच्या फाटकापाशी,
वर जाणारे सॅमन मोजत.
पलीकडच्या काठावरही कोणी तरी मोजत असतं,
माझ्याइतकंच मन लावून.
त्याला फक्त वहीत लिहायचं नसतं.

पहिलं, तीनशे सत्तावन्न.
माझ्याच मापानं घडवल्यासारखं हातात बसलं.
"गोड आहे," तो म्हणाला,
"पण चार बोटं चरबीपुढे
गोड बोलून भागत नाही."

दुसरं, चारशे चोपन्न. साडेसात इंची नळी.
दारातून माझ्याआधी तेच आत शिरेल.
उचललं, तर मनगटातली जुनी मोड
(बारा वर्षांची असताना गोदीवर घसरले होते)
झोपेतून उठून बसली.
नाकापेक्षा मोती जड.
"पहिली गोळी याचीच," इनोकेंती म्हणाला.
"दुसरी तुझा हात खाली यायची वाट बघेल.
अस्वल बघणार नाही."

तिसरं टायटॅनियमचं, पाखराएवढं.
दिवसभर अंगावर आहे हे कळणारसुद्धा नाही.
"एकदा उडवलंस की आठवडाभर कळेल.
आणि त्या धक्क्यानं शेजारच्या काडतुसांतल्या गोळ्या
आपोआप पुढे सरकतात. चक्री अडते.
मग हातात काय उरतं? महागडा दगड."

चौथ्याबद्दल तो काहीच बोलला नाही.
चव्वेचाळीस मॅग्नम, चार इंची नळी,
छातीवर बांधायचं चामडी म्यान, कडेला काळं पडलेलं,
रबरी मुठीवर कुणाच्या तरी अंगठ्यानं पाडलेला खळगा.
"हॅल्व्होरचं. बावीस उन्हाळे छातीवर होतं.
डब्यांवर, फळ्यांवर पुष्कळ उडवलं. जनावरावर एकदाही नाही."
"मग तो गेला कशानं?"
"स्वतःच्याच नावेच्या दोरात पाय अडकून."

दुकानामागच्या किनाऱ्यावर, बारा पावलांवर,
खेकड्यांच्या सापळ्याचा एक फुटका तरंगा.
पहिल्या गोळीला मी डोळे मिटले.
दुसऱ्या गोळीला मिटले नाहीत असं वाटलं; मिटले होते.
चापाचा ओढा लांब. घोडा सावकाश मागे जातो,
विचार बदलायला वेळ देतो,
आणि मग देत नाही.
चौथी लागली. पाचवीही.
सहावी उडवायची गरज नव्हती, तरी उडवली.
पैसे दोन हप्त्यांत द्यायचे ठरले.

जुलैत एका सकाळी धुकं पाण्याला टेकलेलं.
फाटकाच्या वरच्या अंगाला
धुक्याचाच एक तुकडा तपकिरी झाला
आणि उभा राहिला.
माझा अंगठा त्या खळग्यात गेला.
माझ्या अंगठ्याहून मोठा होता तो खळगा,
थंड, आणि कसा कोण जाणे, कुणीतरी आत असल्यासारखा.
अस्वलाशी मोठ्यानं, न चढवता बोलावं, असं आई सांगायची.
मला काहीच सुचेना.
ओठांवर आकडा होता, तोच म्हटला:
"चार हजार एकशे सहा."
त्यानं ऐकलं. निदान कान तरी हलवले.
मग पाण्यात तोंड घातलं, एक मासा घेतला,
माझ्याकडे पाठ केली
(एवढी मोठी पाठ, एवढी निवांत)
आणि आल्डरच्या झुडपांत शिरलं.

किती तरी वेळ माझा हात तिथंच होता.
मग वही काढली.
फाटकातून वर गेलेला होता तो मासा, मोजलेला होता.
नियमानं तसाच ठेवायला हवा होता.
मी एक वजा केला.

सप्टेंबरात इनोकेंतीनं विचारलं, "कसं आहे?"
"जड," मी म्हणाले.
दुसरा हप्ता फडक्यावर ठेवला.
त्यानं मोजला नाही.